सीडीवरचा आवाज, जसाच्या तसा

स्मरणिकेच्या संपादकांनी मला सांगितलं, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू कॉम्प्युटरवाली, तू काहीतरी माहितीपर दे." म्हणून हा सीडीचा छोटासा इतिहास. विषय कोरडा वाटेल. पण मेळाव्याच्या निमित्तानं माझ्याकडे नऊ तबकड्या जमा झाल्या, आणि गेले पाच महिने मला तो एक दिवसही कोरडा वाटलेला नाही. आपल्या संगीताच्या बाईंच्या निरोप समारंभाच्या त्या सीडी आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ.

आपण १९९६ ला दहावी झालो, म्हणजे आपलं सगळं लहानपण कॅसेटचं. फिलिप्स कंपनीनं कॅसेट १९६३ मध्ये आणली. आपल्या जिल्ह्यात रसवंतीवर, एसटी स्टँडच्या टपरीत आणि लग्नाच्या मांडवात ती वाजायला लागली ती ऐंशीच्या दशकात. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची आणि दोन दिवसांनी 'भरलेली' कॅसेट आणायची, हे आपल्यापैकी बहुतेकांनी केलंय. साठची हवी की नव्वदची, एवढंच दुकानदार विचारायचा. त्या कॅसेटवरून मैत्रीण स्वतःची भरून घ्यायची, तिच्यावरून तिची मावसबहीण. तिसऱ्या हाताला जाईपर्यंत बासरीला पडसं झालेलं असायचं आणि मागे सतत भजी तळल्याचा आवाज.

नक्कल केली की मूळ थोडं बिघडतं, हा नियम कॅसेटच्या फार आधीपासूनचा आहे. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत हातानं उतरवलेल्या प्रतींमध्ये इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना वेगवेगळ्या प्रती जुळवून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. मराठीच्या तासाला हे आपण दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. मला त्याचा खरा अर्थ यावर्षी कळला.

हा नियम मोडायचा दावा सीडीनं केला. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये एक नियमसंच ठरवला, त्याला 'रेड बुक' म्हणतात. १ ऑक्टोबर १९८२ ला सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. कल्पना अशी की आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी, आणि ते आकडे तबकडीवर लिहायचे. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला? त्या काळी असे डिजिटल आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रं, प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ रेषा आणि एका रेषेवर ३ मोजमापं, असा गुणाकार ४४,१०० येतो. आपल्या दूरदर्शनसारख्या पद्धतीत ५० गुणिले २९४ गुणिले ३ केले तरी तेवढेच. दोन्हीकडे चालेल असा आकडा निवडला, बस्स. गणिताच्या सरांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर फळ्यावर करून दाखवायला लावलं असतं.

एकदा आवाजाचे आकडे झाले की नक्कल म्हणजे आकडे उतरवणं, आणि आकडे न बिघडवता उतरवता येतात. शंभरावी प्रतही पहिलीसारखीच. मी लोणीला इंजिनिअरिंगला होते तेव्हा हॉस्टेलवर आम्ही सगळे असंच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात गोष्ट इतकी सरळ नव्हती.

तबकडीवरची वाट आतून बाहेर गोल गोल जाते. उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब. दोन वेढ्यांतलं अंतर मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून थोडं जास्त. अशा वाटेवर धूळ आणि ओरखडे येणारच, हे करणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यांनी रीड आणि सॉलोमन या अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत वापरली. आकड्यांच्या प्रत्येक गटाबरोबर थोडे जादा आकडे लिहायचे, म्हणजे एखादा हरवला तर उरलेल्यांवरून तो काढता येतो. शिवाय शेजारचे आकडे शेजारी ठेवायचे नाहीत, लांबलांब विखरून लिहायचे. वर्गात एका बाकावरची सगळी मुलं गैरहजर असली तर त्या बाकाचा अभ्यास बुडाला. प्रत्येक बाकावरचा एकेकच गैरहजर असला तर शेजारचा वही दाखवतो. या युक्तीमुळे वाटेवरचा सुमारे अडीच मिलीमीटरचा तुकडा पार खराब झाला तरी सगळे आकडे बिनचूक परत मिळतात.

नुकसान त्याहून मोठं असेल तर प्लेअर मात्र अंदाज करतो. मागचा आकडा आणि पुढचा आकडा घेऊन मधला भरतो आणि वाजवत राहतो. फारच गेलं असेल तर क्षणभर आवाज बंद करतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि गाणं ऐकण्यापुरतं हे योग्यच आहे, ओरखड्यावर गाडी अडून बसण्यापेक्षा बरं. पण माझा पेशा आकड्यांचा, त्यामुळे हे वाचलं की पोटात गोळा येतो. पासबुकातली एक ओळ पुसली गेली म्हणून वरच्या आणि खालच्या रकमेची सरासरी लिहून देणारा कारकून कोणती बँक ठेवेल? कॉम्प्युटरच्या माहितीच्या सीडीवर हे चालणार नाही हे करणाऱ्यांनाही माहीत होतं. म्हणून तिथे २,३५२ बाइटच्या प्रत्येक तुकड्यातले २,०४८ च माहितीसाठी ठेवले आणि उरलेल्यांतले बरेचसे जादा तपासणीला दिले. गाण्याच्या सीडीवर अख्खे २,३५२ बाइट गाण्यालाच. असे ७५ तुकडे मिळून एक सेकंद.

म्हणून गाण्याची सीडी कॉम्प्युटरमध्ये उतरवणं, ज्याला सगळे 'रिप करणं' म्हणतात, हे फाइल कॉपी करण्याइतकं सोपं नाही. ड्राइव्ह जे देतो ते खरं वाचलेलं की अंदाजानं भरलेलं, हे तो दरवेळी सांगेलच असं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोघांनी यावर नेटानं काम केलं. क्रिस मॉन्टगोमेरी यांनी 'सीडीपॅरानोइया' लिहिलं (नावातच स्वभाव आहे), आणि जर्मनीतल्या आंद्रे विटहॉफ यांनी १९९८ च्या सुमारास 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'. दोघांचा पाया एकच, ड्राइव्हवर विश्वास ठेवायचा नाही. विटहॉफ यांचा प्रोग्राम प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचतो. जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचतो, अगदी वाईट परिस्थितीत ८२ वेळा. त्यातही ड्राइव्ह लबाडी करतो. नुकतंच वाचलेलं त्याच्या स्मृतीत असतं, आणि दुसऱ्यांदा मागितलं की तबकडीकडे न बघता तेच पुन्हा पुढे करतो. म्हणून आधी त्याला दुसरीकडचं काहीतरी वाचायला लावून विसरायला भाग पाडायचं. नकला करणाऱ्या मुलाला मधून उठवून दुसऱ्या बाकावर बसवायचे, तसंच.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह थोडा पुढून किंवा मागून वाचायला लागतो, कुणी ६ मोजमापं, कुणी १०२. कानाला फरक शून्य, पण दोन प्रती आकडा-आकडा ताडायच्या तर आधी हा सरक काढावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या छापील सीडीसाठी पुढे 'अॅक्युरेटरिप' नावाची सोय झाली. जगभरातल्या लोकांनी तीच सीडी उतरवून आलेली बेरीज एका ठिकाणी नोंदवलेली असते. तुमची बेरीज अनोळखी दहा जणांशी जुळली की निश्चिंत झोपा.

उतरवलेलं ठेवायचं कशात, हाही प्रश्न होता. हॉस्टेलवर एका सीडीत दीडशे गाणी मावायची ती एमपी३ मुळे. एमपी३ जागा वाचवतं ते कानाला सहसा न कळणारा भाग फेकून देऊन, आणि फेकलेलं परत येत नाही. जॉश कोलसन यांनी २००१ मध्ये 'फ्लॅक' हा प्रकार पूर्ण केला. तो फाइल साधारण निम्म्यावर आणतो आणि काहीच फेकत नाही. ही युक्ती आपल्या आयांना आधीपासून माहीत होती. दुधाचा रतीब दोन लिटरचा असेल तर कॅलेंडरवर रोज 'दोन' कोण लिहितं? जास्त-कमी झालं त्याच दिवशी खूण करायची, महिनाअखेर हिशेब पैशापैशानं जुळतो. फ्लॅकही मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल ते ठरवतो आणि फक्त फरक लिहितो. वर मूळ आकड्यांची एक ओळखखूण फाइलमध्येच ठेवतो, म्हणजे वीस वर्षांनीही काही बिघडलं असेल तर कळतं. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळानं डिसेंबर २०२४ मध्ये त्याला रीतसर मानक म्हणून प्रसिद्ध केलं.

आता बाईंच्या तबकड्या.

एप्रिल २००३ मध्ये बाईंचा निरोप समारंभ शाळेच्या हॉलमध्ये झाला. मी तेव्हा पुण्यात नवी नवी नोकरीला होते, येऊ शकले नाही. बाई त्या दिवशी तासाभराहून जास्त गायल्या. यमननं सुरुवात, मग दोन नाट्यगीतं, आपल्याला शिकवलेली भक्तिगीतं, शेवटी भैरवी. ज्यांनी त्यांना फक्त पेटीवर बोट ठेवून "सा लावा" म्हणताना पाहिलंय, त्यांना बाई काय दर्जाच्या गायिका होत्या हे त्या दिवशीच कळलं असं सगळे सांगतात. नगरच्या एका स्टुडिओवाल्यानं आपला कॉम्प्युटरच मंचामागे आणून मिक्सरला जोडला होता. त्यावरून ७१ मिनिटांची सीडी करून पंचवीस प्रती वाटल्या. मूळ कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. बाई २०१७ मध्ये गेल्या. त्यांच्या गाण्याचं दुसरं ध्वनिमुद्रण घरच्यांकडेही नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. दुकानातली छापील सीडी आणि आपण 'लिहिलेली' सीडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छापील सीडीत प्लास्टिकमध्ये खरोखरचे खड्डे असतात. लिहायच्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो, लेसर तो जागोजाग भाजतो. तो रंग उन्हानं आणि उष्णतेनं फिका पडतो, आणि आपल्याकडचा मे महिना मी सांगायला नको. गौहर जान यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गायलेलं तबकडीवर आजही ऐकता येतं, आणि २००३ ची आपली सीडी ड्राइव्हमध्ये घातली की नुसती घरघरते. बहुतेकदा बिघाड बाहेरच्या कडेपासून सुरू होतो. सीडी आतून बाहेर वाजते, म्हणजे बाहेरच्या कडेला असतं शेवटचं गाणं. मैफलीच्या सीडीवर तिथे भैरवी असते.

आलेल्या नऊपैकी दोन तबकड्या कोणत्याच ड्राइव्हनं ओळखल्या नाहीत. उरल्या सात. एकही पूर्ण धड नाही. घरी लिहिलेली सीडी असल्यानं अॅक्युरेटरिपच्या नोंदीत ती असण्याचा प्रश्नच नव्हता. पण सगळ्या प्रती एकाच फाइलवरून लिहिलेल्या, म्हणजे त्यांच्यावरचे आकडे एकच असणार, आणि प्रत्येकीची दुखणी वेगळ्या जागी. कुणाची ट्रंकेत होती, कुणाची गाडीच्या डॅशबोर्डवर, एकीच्या पाठीवर नातवानं बॉलपेननं गणितं सोडवली होती. एकाच साक्षीदाराला ८२ वेळा विचारलं तर तो तीच चूक ८२ वेळा सांगू शकतो. दोन अनोळखी साक्षीदार एकच सांगत असतील तर मात्र ते खरं असणार. एकनाथांनी केलं ते हेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात १,२५९ हस्तलिखितं जुळवून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेही हेच. त्यांना प्रत्येक ठिकाणी विद्वत्तेनं निर्णय करावा लागला. माझं काम त्या मानानं हमालीचं, कारण आकडा एकतर जुळतो नाहीतर जुळत नाही.

सातांतली एक तबकडी पहिल्या दिवशी मला फार आवडली. नवीकोरी, एकही अडखळ नाही, भैरवीसुद्धा स्वच्छ. आकडे मात्र इतर कुणाशीच जुळेनात, पहिल्या सेकंदापासून. आलेख काढला तर १६ हजार हर्ट्झच्या वर सगळं सुरीनं कापल्यासारखं गेलेलं. कुणीतरी मूळ सीडीवरून एमपी३ केलं होतं आणि त्यावरून पुन्हा ही सीडी लिहिली होती. ज्यांनी ती जपली त्यांचे आभारच मानायला हवेत, पण साक्षीला ती चालत नाही. राहिल्या सहा.

त्या सहा मी तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवल्या. सरक काढून एकाखाली एक मांडल्यावर पहिल्या चाळीस मिनिटांत, म्हणजे एकवीस कोटींहून जास्त आकड्यांत, निदान दोन तबकड्यांचं एकमत नाही अशी एकही जागा निघाली नाही. रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात जाऊन मी एकटीनंच चहा केला. पुढे मात्र कडेकडे जावं तसे साक्षीदार गळायला लागले. भैरवीला कुठे कुठे दोनच उरले. पण उरले, आणि जुळले. बाईंची भैरवी पहिल्या सुरापासून शेवटच्या षड्जापर्यंत जशी लिहिली गेली तशी आपल्याकडे आहे.

गेली ती भैरवीनंतरची काही क्षणचित्रं. ७१ मिनिटांचे ३,१९,५०० तुकडे होतात, त्यातल्या ३१२ तुकड्यांवर कोणत्याही दोन तबकड्यांचं एकमत नाही. सगळे मिळून चार सेकंदांहून किंचित जास्त, आणि सगळे शेवटच्या दीड मिनिटात. टाळ्या थांबल्यावर बाई आभार मानतात तो हा भाग. मुख्याध्यापक, तबल्यावर साथ करणारे सर, आणि मग रोज सकाळी साडेसहाला संगीताची खोली उघडून सतरंजी अंथरणारे शिपाईमामा. आपण सगळे त्यांना 'मामा' म्हणत आलो. बाई त्यांचं पूर्ण नाव घेतात. माझ्या प्रतीत त्यातलं आडनाव तेवढं आहे, आधीच्या जागी खरखर आहे.

एमपी३ वरून लिहिलेल्या त्या तबकडीत ते नाव नीट ऐकू येतं. दोघातिघांनी सुचवलं की तेवढा तुकडा उचलून जोडून टाक, कुणाला कळणार आहे. जोडला तर खरंच कुणाला कळणार नाही, आणि माझी अडचण तीच आहे. म्हणून दोन फाइली केल्या आहेत. एक ऐकायची, त्यात ते चार सेकंद जोडलेले आहेत आणि कुठून घेतले ते फाइलच्या नोंदीत लिहिलेलं आहे. मेळाव्याला हॉलमध्ये तीच वाजेल, मामांच्या घरच्यांनाही तीच देणार आहोत. दुसरी जपायची, फ्लॅकमध्ये. त्या फाइलमध्ये न जुळलेली जागा मोकळी ठेवली आहे, आणि कोणता तुकडा कोणत्या तबकड्यांवरून घेतला याची यादी सोबत आहे. दोन्हींच्या प्रती शाळेच्या कॉम्प्युटरवर आणि तीन वेगवेगळ्या घरी राहतील.

पंचवीसपैकी सोळा तबकड्या अजून कुठेतरी आहेत. पांढरी पाठ, त्यावर हिरव्या मार्करनं बाईंचं नाव आणि '२००३', पारदर्शक पातळ डबी. शोकेसच्या खालच्या कप्प्यात, लग्नाच्या व्हिडिओ सीडींच्या गठ्ठ्यात किंवा माहेरच्या माळ्यावर बघा. सापडली तर गोल गोल पुसू नका, पुसायचीच तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ. पाठीवर स्टिकर लावू नका, पेननं नाव घालू नका, वाजते का म्हणून घरच्या प्लेअरवर फिरवत बसू नका. आतली तीस मिनिटं वाजत नसली तरी आणा, मला फक्त शेवटची दीड मिनिटं हवी आहेत. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर माझ्या नावानं ठेवा. ड्राइव्ह घेऊन मी सकाळपासून संगीताच्या खोलीत बसलेली असेन, संध्याकाळी जेवणाच्या आधी तबकडी परत मिळेल.